योलांडाचं फाटक

फाटक पडलं की माणूस कितीही घाईत असो, थांबायचंच. त्या संध्याकाळी ते पडलं तेव्हा गेर्वासकाका फाटकाशेजारच्या रस्ताखात्याच्या खोलीत शेकत बसले होते. सारा जन्म त्यांनी या घाटात बर्फ सारायची गाडी चालवली. आता निवृत्त झालेत, पण हिवाळ्यात घरी जीव रमत नाही म्हणून येऊन बसतात. खाली फिस्प शहरात सिनेमाला निघालेली किलियान आणि झेलिना, लग्न ठरलेली दोघं, गाडी लाल दिव्याशी लावून आत आली.

"काय हो काका," किलियान बूट आपटत म्हणाला, "वारा नाही, बर्फ नाही, डोंगर ढिम्म बसलाय. तरी फाटक खाली. तुमच्या रडारला बकरी दिसली वाटतं."

"दिसली असेल. बकरी असली तर पाळीवरचा अमादे घरबसल्या कॅमेऱ्यात बघेल आणि उघडेल. बसा, कॉफी घ्या."

कॉफी पिऊन झाली. कप विसळून झाले. फाटक काही उघडेना. बाहेर पुरता काळोख पडला.

"सिनेमा गेला," झेलिना म्हणाली. "बकरी काय रस्त्यावरच झोपली का?"

काकांनी शेगडीत लाकूड सारलं. "बकरी असती तर एव्हाना उघडलं असतं." मग म्हणाले, "अमादेची बायको राहेल. तिच्या बाप्तिस्म्याला मीच तिला हातावर धरली होती, धर्मबाप आहे मी तिचा. तिनं एकदा मला एक गोष्ट सांगितली. पोरगी खोटं बोलणारी नाही. ऐकायची तर ऐका. पण मधे हसायचं नाही."

आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली.

मागच्या वर्षीची पाच फेब्रुवारी. संत आगाथेचा दिवस. राहेल तिन्हीसांजेला पाव आणायला चर्चमध्ये गेली होती. त्या दिवशी पाद्रीबाबांनी आशीर्वाद दिलेला पाव घरात ठेवला की वर्षभर घराला आग शिवत नाही. तीन महिन्यांची नोएमी तिच्या छातीशी फडक्यानं बांधलेली होती, वरून कोट, आणि कोटाच्या गळ्यातून नुसती टोपी दिसत होती. अमादे घरी तापानं फणफणलेला. राहेलला घाई होती. तरी दूध संपलं होतं म्हणून ती ओडिलियाबाईंच्या दुकानात वळली.

"काल रात्री परत योलांडा पडली म्हणे," ओडिलियाबाई बरणी भरता भरता म्हणाल्या.

"फाटक पडलं," राहेल म्हणाली.

"तेच गं. नुसतं फाटक म्हटलं तर वरचं का खालचं ते कळत नाही. योलांडा म्हटलं की सगळ्यांना समजतं."

"लाल फाटक म्हणा. घळीचं फाटक म्हणा. नावं काय कमी आहेत?"

"अगं, जिभेला सवय लागली," बाई म्हणाल्या, आणि बाळाच्या टोपीकडं बघून हसल्या. "तू नको मनाला लावून घेऊ. दूध आटतं त्यानं."

योलांडा ही अमादेची पहिली बायको. पाच हिवाळ्यांपूर्वी ती खालच्या इस्पितळातली संध्याकाळची पाळी संपवून रात्री गाडीनं घरी येत होती. तेव्हा त्या जागी ना दिवा होता, ना फाटक, ना रडार. पांढऱ्या घळीतून बर्फ सुटला आणि गाडीसकट तिला खाली घेऊन गेला. त्यानंतर खात्याला जाग आली. घळीच्या समोरच्या डोंगरावर रडार बसलं, ते रात्रंदिवस घळीकडं बघतं. काही हललं की बर्फ रस्त्यापर्यंत पोचायच्या आत दोन्हीकडं लाल दिवे लागतात आणि दांडे खाली येतात. मग ज्याची पाळी असेल त्यानं टॅबवर कॅमेरा बघायचा, आणि धोका नसला तर तिथूनच बोटानं उघडायचं. ही पाळी अमादेनं स्वतः मागून घेतली होती.

सगळ्या खोऱ्याला त्याचं कौतुक होतं. फक्त राहेलला नव्हतं.

ती लग्न होऊन आली त्या दिवशीच तिनं घराचे पडदे बदलले. पलंग विकायला लावला. ताटं, कप, उशांचे अभ्रे, दारापुढचं पायपुसणंसुद्धा बदललं. तरी एकदा जमीन घासताना फळ्यांच्या फटीतून केसांची एक पिन निघाली आणि त्या दिवशी राहेलला जेवण गेलं नाही. सवत मेलेली असली तर लोक निदान तोंडावर तरी तिचं नाव घेत नाहीत. इथं रस्ता बंद झाला रे झाला की अख्खं खोरं तेच नाव घ्यायचं. दूध घ्यायला जा, तेच. बसची वाट बघत उभी राहा, तेच. जिवंत सवत एकवेळ परवडली. ती म्हातारी होते, जाड होते, तिचे दात पडतात. मेलेली आहे तशीच राहते, सत्तावीस वर्षांची. तिच्याशी भांडताही येत नाही.

तेही राहेलनं गिळलं असतं. पण नोएमी इस्पितळातून घरी आली त्या आठवड्यापासून रात्रीचं ते सुरू झालं.

मध्यरात्र उलटली की टॅब वाजायचा. अमादे उठायचा, कपडे चढवायचा आणि निघायचा. घरून उघडायची सोय असताना स्वतः फाटकावर जायचा. तासाभरानं परत यायचा तेव्हा मिशांवर दहिवर साचलेलं असायचं आणि डोळे लाल. मग खोलीत न येता स्वयंपाकघरात अंधारात बसून राहायचा.

"काय होतं?" राहेल विचारायची.

"डोंगरबकरी."

"रोज? त्याच वेळेला? घड्याळ बांधलंय का तिच्या गळ्यात?"

"झोप तू. बाळ उठेल."

"तुझ्याआधी बाळच उठलेलं असतं रे. तुला काय माहीत. तू कुठं असतोस घरात."

बाळंतिणीच्या डोक्यात काय काय येतं ते बाळंतिणीलाच ठाऊक. तिला वाटलं, वरच्या हॉटेलात दारू वाढणारी नवी बाई आली आहे, तीच असणार. एका दुपारी ती बाळाला घेऊन मुद्दाम तिथं गेली. बाई पन्नाशीची निघाली, हनुवटीवर दोन राठ केस, बाळाला बघून रडायलाच लागली, म्हणाली माझी नात एवढीच आहे. राहेल कॉफी पिऊन परत आली. वाटेत तिला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. जिवंत बाई नव्हे, तर मग कोण, हे तिच्या मनानं केव्हाच ओळखलं होतं. ते नाव तिनं स्वतःशीसुद्धा घेतलं नाही.

तर ती आगाथेची रात्र.

अमादेचा ताप चढतच होता. बाळाला लागण नको म्हणून राहेलनं पाळणा बैठकीच्या खोलीत नेला, दगडी शेगडीजवळ ठेवला. नोएमीला पाजलं, निजवलं. तिची झोप मांजराची, दर दोन तासांनी भुकेनं उठणार, मग सगळं घर डोक्यावर घेणार. राहेल मधल्या स्वयंपाकघरात खुर्चीवर बसली. एका हाताला नवरा, एका हाताला लेक. दोघांची दारं लोटलेली. कान दोन्हीकडं ठेवता ठेवता तिचा डोळा लागला.

सव्वादोनला टॅब वाजला.

अमादे उठला नाही. त्याला ऐकूही आलं नाही. राहेलनं टॅब उचलला. काय बघायचं, कुठं बोट लावायचं, हे तिला बघून बघून पाठ झालं होतं.

घळ रिकामी होती. बर्फ सुटला नव्हता, धूळ नव्हती. वरून काहीतरी एकटंच खाली येत होतं. बकरी नव्हे. बकरी उड्या मारते, थांबते, मान वळवते. हे चालत होतं, दोन पायांवर. त्या कॅमेऱ्यात ऊब असलेली वस्तू पांढरी दिसते. माणूस पांढरा, बकरी पांढरी, नुकती बंद केलेली गाडीसुद्धा पांढरी. हे काळं होतं. भोवतीच्या बर्फाहून काळं.

आणि चाल... ती चाल राहेलनं ओळखली. पाय फाकलेले, अंग मागं कललेलं, एक हात कमरेवर. भरल्या दिवसांची बाई उतार उतरते तशी. तीन महिन्यांपूर्वी ती स्वतः तशीच चालत होती.

योलांडाला तेव्हा आठवा महिना होता. राहेलला हे लोकांनी सांगितलं होतं. ती मात्र गोष्टीचा तेवढा तुकडा दरवेळी ओलांडून पुढं जायची.

ते खाली आलं. रस्त्याला लागलं. गावाकडं वळलं. फाटकापर्यंत आलं आणि लाल दिव्यापुढं थांबलं. गाड्या थांबतात तसं. निमूट.

इथं किलियाननं तोंड उघडलं. "काका, भुताला दांडा कसला अडवतोय? खालून वाकून गेलं असतं की."

"तुझ्यासारखं असतं तर गेलं असतं," काका म्हणाले. "अरे, तिच्यासाठीच बसवलाय तो. त्या रात्री तिला कुणी थांब म्हणायला नव्हतं, म्हणून गेली ती. आता लाल दिसलं की थांबते. जिवंतपणी कुणी सांगितलं नाही ते तिला मेल्यावर कळलंय." मग त्यांनी आवाज उतरवला. "म्हणून तर उघडायचं नसतं."

पण हे राहेलला माहीत नव्हतं. तिच्या डोळ्यांपुढं एकच चित्र होतं. दांड्याच्या या बाजूला आपला नवरा, त्या बाजूला ती. रोज रात्री. थंडीत. बोलत असतील. दिवसभरात माझ्याशी चार शब्द बोलायला याला जमत नाही, आणि तिथं तास तास बोलतो. तिच्यासाठी तान्हं लेकरू टाकून जातो. तिला काय सांगत असेल? मी स्वयंपाक कसा करते ते? मी पडदे बदलले ते?

तिची छाती भरून आली. रडू नव्हतं ते. दुसरंच काहीतरी होतं.

ये, ती मनात म्हणाली. आडून आडून नको. घरात ये, माझ्यासमोर ये. कुणाचा आहे तो, काय ते एकदाचं होऊन जाऊ दे.

तिनं बोट टेकवलं.

दिवा हिरवा झाला. दांडा वर गेला. ते काळं तसंच उभं राहिलं, जणू विश्वास बसत नव्हता. मग हललं. कॅमेऱ्याखालून गेलं. मान वर केली नाही, इकडं तिकडं बघितलं नाही. घाई असलेल्या बाईसारखं गेलं आणि चित्राच्या बाहेर पडलं.

रस्ता रिकामा. हिरवा दिवा.

"राहेल..." आतून अमादेची हाक आली. ती दारात गेली. तो कोपरांवर उठून बसला होता, केस घामानं चिकटलेले. "टॅब वाजला का?"

"वाजला."

"मग?"

"उघडलं."

त्याचा चेहरा उतरला. "ती मागं फिरल्याशिवाय उघडायचं नसतं गं... मी तिला समजावून परत पाठवतो. पहाटेच्या आत... रोज..."

"समजावतोस. काय समजावतोस? की थोडं थांब, ही झोपली की येतो?"

"नाही... तसं नाही..."

"तुझ्यासाठीच येते ना ती? सांग. एकदा तोंडानं सांग."

त्यानं मान हलवली. ती हो म्हणायला हलली की नाही म्हणायला, तिला कळलं नाही. त्याला दम लागला होता. त्यानं हात उचलून भिंतीकडं बोट दाखवलं. भिंतीशी फळीवर पाण्याचा तांब्या होता. राहेलनं पाणी ओतून त्याच्या तोंडाला लावलं. त्यानं ते ढकललं. पाणी अंथरुणावर सांडलं. परत भिंतीकडंच बोट. मग डोळे पांढरे झाले आणि तो उशीवर कोसळला, ग्लानीत.

राहेल बाहेर आली. त्याच्या खोलीचं दार तिनं ओढून घेतलं आणि पाठ लावून उभी राहिली.

बाहेर बर्फ करकरला.

दोन पावलं... थांबलं. परत दोन. जड माणूस चढ चढताना दम खातं, तसं.

लाकडी जिना वाजला. एक पायरी. मग दुसरी.

मुख्य दाराला कडी होती. कडी वाजली नाही. पण पायांशी गार हवा आली. पायांवरून, घोट्यांवरून, गुडघ्यांपर्यंत.

दिवा होता. दिव्यात काही दिसत नव्हतं. फक्त फळ्या वाजत होत्या. स्वयंपाकघरातून. तिच्याकडं.

राहेलनं दोन्ही हात मागं नेऊन दाराची चौकट घट्ट धरली.

"तो माझा आहे," ती म्हणाली. परत म्हणाली. "माझा नवरा आहे. तुझं आता इथं काही नाही."

फळ्या थांबल्या.

अगदी समोर. हात पुढं केला असता तर लागलं असतं. ओल्या लोकरीचा वास. आणि थंडी... खोल विहिरीत डोकावल्यावर तोंडाला लागते तशी.

तिनं डोळे मिटले. वाटलं, आता.

काहीच झालं नाही.

फळी वाजली. तिच्या उजव्या बाजूला. मग त्याच्यापलीकडची.

ते तिच्यापाशी थांबलं नव्हतंच. वळायला थांबलं होतं.

पुढं... पुढं... स्वयंपाकघराच्या दुसऱ्या टोकाला. बैठकीच्या खोलीचं दार कुरकुरलं. उघडलं. लागलं.

तेव्हा राहेलला भिंत आठवली. अमादेनं दाखवलेली भिंत. त्याच दिशेला, स्वयंपाकघराच्या पलीकडं, शेगडी होती, आणि शेगडीजवळ पाळणा.

रोज रात्री तो थंडीत कुणासाठी उभा राहत होता ते तिला त्या क्षणी कळलं. आणि आपण कुठल्या दारावर पहारा देत उभ्या राहिलो, तेही.

तिला धावायचं होतं. पाय उचलेनात. ओरडायचं होतं. तोंड उघडलं, आवाज नाही.

आत नोएमी कुरकुरली. उठली होती, भुकेची वेळ झाली होती. पहिला टाहो आला. दुसरा...

मधेच तुटला.

मग काही नाही.

मग पाळण्याची दोरी. हळू. किर्र... किर्र... किर्र...

किती वेळ, ते राहेलला सांगता येत नाही. मी, तिच्या धर्मबापानं, दोनदा विचारलं. ती नुसती मान हलवते.

मग दोरी थांबली. दार. फळ्या. या वेळी पावलं हलकी होती. जिना उतरतानाचा आवाज तर जेमतेम ऐकू आला.

पाय सुटले. राहेल चौकटीला धडकत आत गेली आणि पाळण्यावर वाकली. पोरगी उताणी पडली होती. हलत नव्हती. राहेलनं गाल तिच्या नाकाशी नेला.

श्वास चालू होता. संथ. गाढ झोपेचा.

जन्मल्यापासून नोएमी अशी झोपली नव्हती. मुठी उघड्या, कपाळावर आठी नाही, पोट टच्च. आणि राहेलचा स्वतःचा सदरा पुढून भिजून ओला झालेला. अंगात दूध दाटून ठणकत होतं. दोन वेळचं साठलेलं. कुणी प्यायलं नव्हतं.

तिनं वाकून बघितलं. पोरीच्या ओठाच्या कडेला दुधाचा एक थेंब होता.

तिनं तो बोटानं पुसायला घेतला. पुसला गेला नाही. सुटला, आणि टणक दाण्यासारखा घरंगळत चादरीवर गेला.

शेगडी रसरसत होती. थेंब गोठलेला होता.